थंडीचे दिवस, अंघोळीचे पाणी आणि विजेचे बिल

नाताळचा तारा अजून ओटीवर टांगलेलाच असतो, डब्याच्या तळाशी चार नेवऱ्या उरलेल्या असतात, आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात वीज कंपनीचा माणूस मीटर वाचून कागदाची पट्टी हातात देऊन जातो. २०२४ सालच्या नाताळानंतर अशीच एक पट्टी घेऊन खानापूर तालुक्यातल्या एका घरची आजी रविवारच्या मिस्सेनंतर माझ्याकडे आली. वर्षभर तिच्या घरी शून्य रकमेचे बिल येत होते. या खेपेला एकदम बाराशेच्या वर रुपये आले होते. ती म्हणाली, "मास्तर, आमची फुकटची लाईट सरकारनं काढून घेतली काय हो? का मीटर बिघडला?"

दोन्ही झाले नव्हते. मीटर बरोबर होता, बिलही बरोबर होते. चूक कुठे झाली ती घरातच, न्हाणीघराच्या भिंतीवर, शोधावी लागली. हीच गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी डिसेंबर-जानेवारीत घडते, म्हणून ती इथे सविस्तर सांगतो.

आपल्या बेळगाव भागाला वीज पुरवते ती हुबळीची कंपनी, हेस्कॉम. २००२ साली ती वेगळी झाली, तरी आपले वडीलधारे अजून तिला "केईबी"च म्हणतात. या कंपनीच्या बिलावर ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेची सवलत मिळते. "दोनशे युनिट फुकट" असे आपण सरसकट म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे, आणि सगळा घोटाळा त्या उरलेल्या अर्ध्यात आहे.

योजनेत प्रत्येक घराचा वाटा वेगळा आहे. २०२२-२३ या वर्षात त्या घराने महिन्याला सरासरी किती युनिट जाळले ते पाहून, त्यावर दहा टक्के वाढवून, तेवढे युनिट मोफत दिले जातात. आजीच्या घरची सरासरी ८० होती, म्हणून तिचा वाटा ८८. ज्यांचा वापर अगदी कमी, म्हणजे सरासरी ४८ युनिटांच्या आत होता, त्यांना दहा टक्क्यांत चार-पाच युनिटच वाढून मिळत. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्यासाठी दहा टक्क्यांऐवजी सरळ दहा युनिट वाढवून देण्याचे ठरले. घर नवे असेल आणि मागचा हिशोबच नसेल, तर राज्याची सरासरी ५३ धरून दहा टक्के वाढीने ५८ युनिट दिले जातात.

आपल्या वाट्याच्या आत राहिलात तर बिल शून्य. वाटा ओलांडला, पण २०० च्या आत राहिलात, तर वरच्या युनिटांचेच पैसे भरायचे. आणि २०० ओलांडले, की त्या महिन्यापुरती सवलतच नाही; पहिल्या युनिटापासून शेवटच्या युनिटापर्यंत सगळे पैसे द्यावे लागतात. पुढच्या महिन्यात वापर खाली आला की सवलत पुन्हा सुरू होते, ती कायमची जात नाही. आजीची निम्मी चिंता एवढे सांगितल्यावरच मिटली.

तिच्या बिलावर २०७ युनिट होते. हिशोबापुरता युनिटचा दर सहा रुपये धरू आणि बाकीचे आकार बाजूला ठेवू. २०७ युनिटांचे १,२४२ रुपये होतात. हेच घर १९९ वर थांबले असते, तर ८८ वजा जाऊन १११ युनिटांचे ६६६ रुपये भरावे लागले असते. म्हणजे शेवटच्या आठ युनिटांनी, ज्यांची खरी किंमत ४८ रुपये, त्या घराला ५७६ रुपयांना बुडवले. आठ युनिट म्हणजे किती? पंचवीस लिटरच्या गिझरच्या सात टाक्या. पाहुण्यांच्या घरात एका-दीड दिवसाचे काम.

आता गिझरकडेच वळू. आपल्याकडे थंडीत खोल्या तापवायची रीत नाही. बेळगावात पौष-माघात पहाटे पारा चौदा-पंधरा अंशांवर येतो, खानापूरच्या रानाकडे आणखी उतरतो, पण घोंगडी आणि स्वेटर यांवर आपले भागते. पंखे तर बंदच असतात. तरीही बिल चढते, कारण अंघोळीचे पाणी. आजीच्या घरी पूर्वी बाहेर बंब पेटत असे. नाताळच्या आधी गोव्यात नोकरीला असलेल्या मुलाने आईला त्रास नको म्हणून पंचवीस लिटरचा गिझर बसवून दिला. त्याचा हेतू चांगलाच होता. मग सुटीला लेकी आल्या, जावई आले, नातवंडे आली. गिझर पहाटे पाचला लागे तो दुपारी बाराला कुणाच्या तरी लक्षात आले तर बंद होई.

विजेने पाणी तापवण्याचा हिशोब सोपा आहे, सातवी-आठवीतल्या मुलाला करता येईल. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेच्या एका युनिटात अशा ८६० किलोकॅलरी असतात. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. पंधरा लिटरची बादली वीस अंशांवरून चाळीसवर आणायची तर तीनशे किलोकॅलरी, म्हणजे एका युनिटाचा जेमतेम तिसरा हिस्सा. सहा माणसांच्या सहा बादल्यांना रोज दोन युनिट, महिन्याला साठच्या वर. फ्रीज, टीव्ही, मिक्सर, दिवे यांना जेवढे लागतात जवळजवळ तेवढेच एकट्या अंघोळीला! आणि हे काटकसरीने अंघोळ करणाऱ्यांचे झाले. शॉवरखाली उभे राहणाऱ्या तरुण मंडळींचा हिशोब मी करत नाही.

गिझरला बादलीपेक्षा जास्त वीज लागते ती दोन कारणांनी. एक तर तो पाणी साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवतो. मग आपण त्यात गार पाणी मिसळतो. मिसळण्यात काही वाया जात नाही, पण टाकीत उरलेले कढत पाणी हळूहळू निवत जाते आणि यंत्र ते पुन्हा तापवत बसते. टाकीच्या पत्र्यातून चोवीस तासांत किती उष्णता वाया जाते, त्यावरच गिझरला तारे दिलेले असतात. विकत घेताना पाच तारे पाहून घ्या म्हणतात ते यासाठी. घरात असलेल्या गिझरला तारे वाढवता येत नाहीत, पण त्याचा थर्मोस्टॅट पन्नास-पंचावन्न अंशांवर आणता येतो. तो आत असेल तर वायरमनकडून करून घ्यावा, स्वतः झाकण उघडू नये. आणि सर्वांत मोठी बचत बटणात आहे: अंघोळीआधी वीस मिनिटे लावावा, माणसांनी एकापाठोपाठ उरकून घ्यावे, आणि शेवटच्याच्या आधी बंद करावा. टाकीतले गरम पाणी त्याला पुरते. पाच वाजता एक, सात वाजता दुसरा, दहाला तिसरा, अशा अंघोळी ज्या घरात होतात, त्या घरात कोणताही गिझर स्वस्त पडत नाही.

मुलांसाठीही पाणी पन्नासच्या आसपास ठेवलेले बरे. साठ अंशांचे पाणी अंगावर पडले तर काही सेकंदांत कातडी भाजते, आणि लहान मुलाची कातडी आपल्याहून नाजूक असते. भाजलेच तर नळाचे साधे पाणी वीस मिनिटे सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये.

ज्यांच्याकडे गिझर नाही त्यांच्याकडे बहुधा दीड-दोनशे रुपयांपासून मिळणारी सळई असते, जिला आपण "रॉड" म्हणतो. विजेच्या हिशोबाने ती वाईट नाही, कारण लागते तेवढेच पाणी तापते. पण दर हिवाळ्यात अशा सळईने माणसे दगावतात, हे विसरून चालणार नाही. पाणी तापले की नाही हे पाहायला बटण चालू असताना बोट घालायची सवय आपल्यात घराघरांत आहे. ती आजपासून बंद करा. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग सळई बाहेर, त्यानंतरच पाण्याला हात. बादली धातूची नको. पाय ओले नकोत, पायांत रबरी चप्पल असावी. सळई लावून गोठ्याकडे किंवा चर्चला निघून जाऊ नये. पाणी आटले की प्लास्टिकची बादली वितळून पेट घेते. ज्या घरात अर्थिंग नाही, तिथे सळई आणि गिझर दोन्ही वापरू नयेत असेच मी म्हणेन. मीटरच्या पुढे तीस मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवून घ्यावा. विजेची गळती होऊन ती अंगातून जाऊ लागली, तर तो क्षणात पुरवठा तोडतो. खर्च हजार-दोन हजारांचा असेल, पण घरातली कर्ती बाई रोज पहाटे ओल्या हातांनी त्या बटणाशी जाते, हे लक्षात घेऊन खर्च करावा. कुणाला धक्का बसलाच तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच पाडावा. श्वास चालत नसेल तर छाती दाबायला लागावे आणि १०८ ला फोन करावा.

गॅसचा गिझर घेतला म्हणजे विजेचे बिल वाचले, असेही कुणी सांगतात. बिल वाचते खरे. पण हे यंत्र लहानशा, दार-खिडकी बंद केलेल्या न्हाणीघरात लावणे म्हणजे मृत्यूला घरात जागा देणे आहे. ज्वालेला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, पाय गळतात, आणि माणूस कडी काढायच्या आत खाली बसतो. गॅसचा गिझर बाहेरच्या भिंतीवर असावा आणि आत फक्त पाण्याचा नळ यावा. कोळशाची शेगडी खोलीत घेऊन, दारे लावून झोपणाऱ्यांनाही हाच वायू मारतो. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची आपली जुनी पद्धत आहे, तिथे खिडकीची एक फळी रात्रभर उघडी असलीच पाहिजे.

मग बंब बरा काय? मला विचाराल तर उघड्यावर असेल तर बरा. काजूची टरफले, नारळाच्या करवंट्या, शेताच्या बांधावरच्या काटक्या आपल्या घरी आपोआप साचतात. पाहुण्यांच्या दिवसांत दहा-बारा माणसांचे पाणी एका बंबावर निघते आणि मीटर हलत नाही. पण न्हाणीच्या आत धुमसणारा बंब म्हणजे घरच्या बाईच्या छातीत रोजचा धूर. पावसाळ्यात ओल्या लाकडावर तर विचारूच नका. दम्याचे माणूस घरात असेल तर बंबाचे नावही काढू नये.

या सर्वांवर तोड म्हणजे छतावरचा सौर पाणी तापक. आपल्याकडे नोव्हेंबरपासून मेपर्यंत आकाश स्वच्छ असते. नेमकी ज्या महिन्यांत गरम पाणी जास्त लागते त्याच महिन्यांत ऊनही भरपूर, हे आपले भाग्य. शंभर लिटरचे यंत्र चार-पाच माणसांना पुरते. खानापूरकडच्यांनी मात्र हे जाणून घ्यावे, की जून ते सप्टेंबर ते जवळजवळ झोपून राहील. पाणी क्षाराचे असेल तर तांब्याच्या नळ्या चोंदतात, तेव्हा दुकानदाराला पाणी कोणते ते आधी सांगावे. छतापासून न्हाणीपर्यंतची नळी लांब असेल तर तिला वेष्टण घालून घ्यावे, नाहीतर गरम पाणी येईपर्यंत बादलीभर गार पाणी ओतून द्यावे लागते.

वीज कंपन्यांच्या दरपत्रकात सौर पाणी तापक बसवलेल्या घराला युनिटमागे ५० पैसे आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये सूट, अशी तरतूद वर्षानुवर्षे आहे. ती आपोआप लागत नाही, यंत्र बसवल्यावर उपविभाग कचेरीत अर्ज द्यावा लागतो. या वर्षीचे प्रमाण तेव्हाच विचारून घ्यावे. अर्थात ज्याचे बिल शून्य, त्याला या सुटीचा काय उपयोग? त्याचा खरा फायदा निराळा आहे: महिन्याचे साठ-सत्तर युनिट कमी झाले की घर आपल्या वाट्यात राहते आणि दोनशेच्या काठाला कधी जातच नाही.

दिव्यांबद्दल फार लिहीत नाही. २०१५ साली केंद्र सरकारच्या उजाला योजनेत आणि आपल्या राज्यात "होस बेळकु" या नावाने वीज कंपन्यांनी स्वस्तात एलईडी दिवे वाटले, तेव्हापासून बहुतेक घरांत ते आलेच आहेत. साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जाळला तर महिन्याला नऊ युनिट, नऊ वॅटच्या एलईडीला दीडही नाही. फक्त माळ्यावरून काढलेल्या गोठ्याच्या जुन्या माळा आणि ताऱ्यातला जुना दिवा तेवढा पाहा. "झिरो" म्हणून विकला जाणारा छोटा रंगीत दिवाही शून्य वॅटचा नसतो. जुना असला तर पंधराएक वॅट खातो, आणि तो आपण रात्रभर ठेवतो.

शेतीच्या पंपाचे काय, असे शेतकरी बांधव विचारतील. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला आपल्या राज्यात बिल नाही, आणि त्याचा घरच्या वाट्याशी संबंधही नाही. पण घराच्या मीटरवरून विहिरीवरची छोटी मोटर चालवत असाल, तर ते युनिट घरातच मोजले जातात. एक अश्वशक्तीची मोटर तासाला पाऊण ते एक युनिट घेते. टाकी भरून वाहत राहिली म्हणजे पाणी आणि वाटा दोन्ही गटारात. गावाकडे सिंगल फेज असताना भलती जोडणी करून पंप चालवायची खोड काहींना आहे. तिने मोटर जळते, कधी गावचा ट्रान्सफॉर्मरही जातो, आणि मग सगळा वाडा नाताळात अंधारात.

छतावर वीज तयार करण्याची केंद्राची सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तीन किलोवॅटच्या यंत्राला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. ज्यांचे बिल दर महिन्याला दोनशेच्या वर जाते त्यांनी जरूर विचार करावा. शून्य बिलाच्या घराने कर्ज काढून घाई करण्यात मला अर्थ दिसत नाही.

सीमेपलीकडे चंदगड-आजऱ्याकडे आपले सोयरे आहेत, गोव्यातही आहेत. त्यांनी हे नियम आपल्याला लावू नयेत. तिकडे महावितरण, गोव्यात सरकारचे वीज खाते, त्यांचे दर आणि सवलती वेगळ्या.

आता बिल वाचण्याविषयी. ते कानडीत येते, आणि आपल्या जुन्या माणसांना तेवढे कानडी वाचता येत नाही, म्हणून पट्टी तशीच फळीवर जाते. शाळेतल्या नातवाला बसवून चार गोष्टी त्याच्याकडून वाचून घ्याव्यात: आपला आर.आर. नंबर, मागचे व आताचे रीडिंग, महिन्याचे युनिट, आणि गृहज्योतीचा आपला वाटा. हा वाटा २०२२-२३ च्या वापरावर ठरलेला आहे, म्हणून आज काटकसर केली तर तो कमी होईल ही भीती धरू नये. उलट "फुकट आहे तर संपवून टाकू" हेही खुळेपणाचे, कारण उरलेले युनिट पुढच्या महिन्यात मिळत नाहीत आणि लागलेली सवय मात्र पुढे जाते. भाड्याच्या घरातल्यांनाही योजना लागू आहे. घर बदलले तर सेवासिंधूवर जुन्या मीटरपासून आपला आधार नंबर सोडवून नव्या घराशी जोडावा. रीडिंग चुकले आहे अशी खात्री असेल तर मीटरचा फोटो काढून उपविभाग कचेरीत जावे, किंवा १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा.

आजीच्या घरी त्या जानेवारीपासून मीटरशेजारी चर्चचे कॅलेंडर टांगले आहे. बिल आल्याच्या दिवशीचा आकडा नात त्यावर लिहिते आणि दर रविवारी मिस्सेहून आल्यावर नवा आकडा. चार आठवड्यांत दोनशे होणार असतील तर दुसऱ्याच रविवारी ते दिसते, कारण शंभर तिथेच ओलांडलेले असतात. त्यानंतरच्या नाताळात लेकी-जावई पुन्हा आले. गिझर म्हातारीसाठी आणि तान्ह्या बाळासाठी सकाळी अर्धा तास लागे, बाकीच्यांचे पाणी मागच्या परसात बंबावर. दोन जावयांनी लाकडे फोडायची पाळी लावून घेतली होती, आणि त्यावरून घरात हसणेही पुष्कळ झाले म्हणे. महिन्याला १४१ युनिट झाले. ८८ वजा जाऊन ५३ चे पैसे भरावे लागले, तीनशेच्या थोडे वर. ही पट्टीही आजीने मला आणून दाखवली, आणि मुलगा आता सौर यंत्राचे म्हणतो आहे, तर विहिरीचे पाणी त्याला चालेल काय, असे विचारून गेली. मी तिला बाटलीत पाणी भरून दुकानात न्यायला सांगितले आहे.